इंडियानापोलिस ५०० : सराव आणि पात्रता कशी वाचावी, नवख्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

मेमोरियल डेच्या (अमेरिकेतली मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी) आदल्या रविवारी होणारी इंडियानापोलिस ५०० ही मोटारींची शर्यत पाहायला बसणारे बहुतेक नवे प्रेक्षक थेट त्या रविवारीच टीव्ही लावतात. तेहतीस गाड्या तीन-तीनच्या अकरा रांगांत उभ्या दिसतात. नामांकित चालक शेवटच्या रांगेत का आहे आणि कधी न ऐकलेले नाव सगळ्यांच्या पुढे कसे गेले, याचा उलगडा मात्र समालोचकांच्या दोन वाक्यांतून होत नाही. तो आधीच्या दोन आठवड्यांत, सरावाच्या सत्रांत आणि पात्रतेच्या दोन दिवसांत होतो. मी ही सत्रे मन लावून पाहत आलो आहे, आणि माझ्या मते शर्यतीइतकाच रस त्यांत आहे. मात्र ती कशी पाहायची हे कुणी सांगावे लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. सरावाच्या यादीत सगळ्यात वर दिसणारे नाव तुम्हाला हवी असलेली माहिती क्वचितच देते. पात्रतेत, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या चाचणीत, गाडी ट्रॅकवर एकटी असते आणि सलग चार लॅपची (ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्यांची) सरासरी धरली जाते. म्हणून मोकळ्या हवेत, समोर कुणी नसताना, ती गाडी चार लॅप किती एकसारख्या वेगाने जाते, एवढेच शोधायचे असते.

हाताशी काय ठेवावे

- त्या वर्षीची प्रवेशयादी: गाडीचा क्रमांक, चालक, संघ आणि इंजिन शेवरोले की होंडा हे त्यात असते.
- इंडीकारचे (ही शर्यत ज्या मालिकेत येते तिचे) अधिकृत ॲप किंवा संकेतस्थळावरचे थेट टायमिंग. सत्र संपल्यावर निघणारे निकालपत्रकही उतरवून घ्यावे.
- ‘नो-टो’ यादी, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या आडोशाविना नोंदवलेल्या वेगांची यादी.
- इंडियानापोलिसचे तासातासाचे हवामान: तापमान, ढग, वाऱ्याची दिशा आणि जोर.
- मागच्या वर्षीच्या पात्रतेचा निकाल, तुलनेसाठी.
- एक वही. प्रत्येक चालकासाठी एक ओळ आखून ठेवली, तरी पुरते.

१. आधी ट्रॅक डोळ्यांसमोर आणा

इंडियानापोलिस मोटर स्पीडवे १९०९ साली बांधला गेला आणि पहिली ५०० मैलांची शर्यत १९११ मध्ये झाली. ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा आहे. त्याला ओव्हल म्हणत असले, तरी तो गोलसर कोपऱ्यांचा आयत आहे: दोन लांब सरळ पट्टे प्रत्येकी पाच-अष्टमांश मैलाचे, दोन आखूड पट्टे प्रत्येकी एक-अष्टमांश मैलाचे आणि चार वळणे प्रत्येकी पाव मैलाची. वळणांचा उतार जेमतेम ९ अंशांहून थोडा अधिक आहे. डेटोनासारख्या ट्रॅकवर वळणांच्या तीव्र उतारामुळे गाडीला मोठा आधार मिळतो. इथे तो फारसा मिळत नाही, म्हणून पकड टायरमधून आणि पंखांवरच्या (गाडीच्या पुढे-मागे लावलेल्या आडव्या फळ्यांवरच्या) हवेच्या दाबातून काढावी लागते.

दिशाही लक्षात ठेवा, पुढे वाऱ्याचा विचार करताना तिची गरज पडेल. गाड्या डावीकडे वळत जातात. मुख्य स्टँडसमोरचा सरळ पट्टा पश्चिमेला आहे आणि त्यावरून गाड्या दक्षिणेकडे जातात. पहिले वळण नैर्ऋत्येला, दुसरे आग्नेयेला, मग मागच्या पट्ट्यावरून उत्तरेकडे, तिसरे ईशान्येला आणि चौथे वायव्येला.

सगळे आकडे ताशी मैलांत असतात. ते किलोमीटरमध्ये बदलत बसू नका. २३० मैल म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. बाकी तुलना मैलांतच करा.

२. वेळापत्रक आपल्या घड्याळावर बसवा

मे महिन्यात इंडियानापोलिसचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. सराव बहुधा दुपारी १२ ते संध्याकाळी ६ असा चालतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेतीन. अलीकडच्या वर्षांत शनिवारची पात्रता तिकडे सकाळी ११ ला सुरू होऊन ५ वाजून ५० मिनिटांनी संपली आहे. भारतात तो काळ शनिवारी रात्री साडेआठ ते रविवारी पहाटे ३ वाजून २० मिनिटे असा येतो. सगळ्यात चुरशीचा तास शेवटचा असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून पूर्ण सत्र पाहणे जमणार नसेल, तर संध्याकाळी झोप काढून पहाटे दोनला उठणे अधिक फायद्याचे.

शिकागो परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक इशारा: इंडियानापोलिस शिकागोच्या एक तास पुढे आहे. गाडीने सुमारे तीन तास लागतात, पण घड्याळात चार जातात. सकाळच्या पहिल्या गाड्या चुकतात त्या या हिशेबामुळे.

पाऊसही वेळापत्रक उलटेपालटे करतो. ओल्या ओव्हलवर या गाड्या धावत नाहीत आणि पाऊस थांबल्यावर ट्रॅक सुकवायला बराच वेळ जातो. त्यामुळे सकाळी छापील वेळ पाहून निघू नका, संघटकांची ताजी सूचना पाहा.

३. सरावाच्या यादीतून ‘टो’ बाजूला काढा

महामार्गावर ट्रकच्या मागे दुचाकी चालवताना अंगावरचा वारा एकदम कमी होतो. २२५ मैलांच्या वेगाने पुढे जाणाऱ्या गाडीमागे हेच कितीतरी पटींनी घडते आणि मागच्या गाडीला फुकटचा वेग मिळतो. यालाच टो म्हणतात. मंगळवार ते गुरुवार गाड्या शर्यतीच्या सरावासाठी रांगेने धावतात, त्यामुळे त्या दिवसांच्या यादीत वर येणारा लॅप बहुतेक वेळा टो घेऊन मारलेला असतो. बातम्यांचा मथळा मात्र त्याच लॅपवर निघतो.

त्यामुळे दिवस संपला की आधी नो-टो यादी उघडा. त्यातही एकाच लॅपवर विश्वास ठेवू नका. लॅपनिहाय वेळा उपलब्ध असतील तर त्या चालकाने सलग चार लॅप मोकळ्या हवेत मारले आहेत का, ते पाहा. उदाहरणादाखल दोन काल्पनिक प्रयत्न घेऊ. पहिल्या गाडीचे चार लॅप २३२.६, २३२.३, २३१.७ आणि २३०.६, दुसरीचे २३१.९, २३१.८, २३१.७ आणि २३१.६. सरासरीत पहिली गाडी जेमतेम पुढे आहे. पण तिचा वेग पहिल्यापासून चौथ्या लॅपपर्यंत दोन मैलांनी घसरला, म्हणजे तिचे टायर पकड सोडत आहेत आणि चालकाला गाडी सांभाळावी लागते आहे. दुसऱ्या संघाकडे अजून पंख थोडा सपाट करून, म्हणजे थोडी पकड सोडून हवेचा अडथळा कमी करून, वेग वाढवायला वाव आहे. मी माझ्या वहीत दुसऱ्या गाडीसमोर खूण करतो.

ही घसरण रोखायला चालकाच्या हाताशी साधने असतात. पुढचा आणि मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे आवरणारा दांडा), तसेच वेट जॅकर (चाकांवरचा भार बदलणारे साधन) हे सगळे त्याला धावत्या गाडीत बदलता येते. ऑनबोर्ड कॅमेऱ्यात दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यावर चालकाचा हात स्टिअरिंगवरून क्षणभर सुटून बाजूच्या खटक्याकडे गेलेला दिसला, तर तो टायर झिजत जातील तसा गाडीचा तोल जुळवतो आहे असे समजा. चारही लॅपमध्ये हे काम शांतपणे करणारा चालक पात्रतेत सहसा दगा देत नाही.

सराव पाहताना आणखी दोन गोष्टींनी गोंधळ होतो. गाडीच्या क्रमांकापुढे ‘टी’ हे अक्षर दिसले, तर ती त्या संघाची राखीव गाडी आहे. तिची वेळ मुख्य गाडीशी जोडू नका. आणि नवख्या चालकांची परीक्षा हा वेगळा प्रकार आहे. त्यात आधी १० लॅप २०५ ते २१० मैल, मग १५ लॅप २१० ते २१५ मैल आणि शेवटचे १५ लॅप २१५ च्या वर, असे टप्पे पार करायचे असतात. त्या सत्रातला कमी वेग म्हणजे मुद्दाम पाळलेली मर्यादा असते, त्यावरून चालकाबद्दल मत बनवू नका.

४. शुक्रवारी खरा हिशेब सुरू होतो

पात्रतेच्या आदल्या शुक्रवारला ‘फास्ट फ्रायडे’ म्हणतात. गाड्यांची इंजिने २.२ लिटरची, टर्बोचार्जर असलेली व्ही-६ आहेत. शुक्रवारी टर्बोचा, म्हणजे इंजिनात ढकलल्या जाणाऱ्या हवेचा, दाब १.३ बारवरून १.५ बारवर नेला जातो, इंजिनाची ताकद वाढते आणि पात्रता संपेपर्यंत तो दाब तसाच राहतो. त्यामुळे गुरुवारचे आणि शुक्रवारचे आकडे एकाच रकान्यात लिहू नका. वहीत शुक्रवारसाठी नवे पान घ्या.

या पानावर चालकांपेक्षा गट पाहा. एकाच संघाच्या सगळ्या गाड्या नो-टो यादीत वर एकत्र आल्या असतील, तर त्या संघाला हिवाळ्यातल्या कामाचे फळ मिळाले आहे, असे समजायला हरकत नाही. २०२४ मध्ये स्कॉट मॅकलॉफ्लिन, विल पॉवर आणि जोसेफ न्यूगार्डन या पेन्स्की संघाच्या तिघांनी पहिली पूर्ण रांग घेतली आणि मॅकलॉफ्लिनचा २३४.२२० मैल हा वेग पोलसाठीचा (शर्यतीतल्या सगळ्यात पुढच्या जागेसाठीचा) तोवरचा सर्वाधिक ठरला. त्याउलट एखाद्या संघाच्या सगळ्या गाड्या तळाशी असतील, तर शनिवारी चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

शुक्रवारी संध्याकाळी शनिवारच्या क्रमाची सोडत निघते. ती वहीत उतरवून ठेवा. सकाळी लवकरचा क्रमांक मिळणे मोठी गोष्ट असते. का, ते पुढच्या पायरीत पाहू.

५. आकाश आणि वारा वाचा

मोकळ्या हवेत चार लॅप म्हणजे दहा मैल. २३२ मैलांच्या सरासरीने त्यांना सुमारे १५५ सेकंद लागतात आणि सरासरीत एका मैलाचा फरक पडायला चार लॅप मिळून एक सेकंदही लागत नाही, दोन-तृतीयांश सेकंद पुरतो. इतक्या बारीक फरकात ऊन आणि वारा निर्णायक ठरतात.

डांबर तापले की टायरची पकड कमी होते आणि गरम हवा विरळ असल्याने पंखांवरचा दाबही घटतो. चालकाला वळणात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवणे कठीण जाते. सकाळच्या थंड ट्रॅकवर तेच सोपे असते, म्हणून संघ पंख आणखी सपाट करण्याचे धाडस करतो. दुपारी दोन-तीनच्या उन्हात नोंदवलेला २३१ आणि सकाळी साडेअकराला नोंदवलेला २३१ हे सारखे नाहीत. दुपारचा आकडा जास्त मोलाचा आहे. संध्याकाळी पश्चिमेकडच्या उंच स्टँडची सावली मुख्य पट्ट्यावर पसरू लागते, तापमान उतरते आणि पिट लेनमध्ये (ट्रॅकशेजारच्या, गाड्या थांबण्याच्या पट्टीत) पुन्हा गर्दी होते.

वाऱ्याचे गणित आता दिशांवरून कळेल. दक्षिणेचा वारा असेल, तर पहिल्या वळणात शिरताना तो समोरून येतो आणि गाडीला दाबून धरतो. तिसऱ्या वळणात शिरताना मात्र तो पाठीमागून येतो, पुढच्या पंखावरचा दाब कमी होतो आणि गाडी वळायला नकार देते. उत्तरेचा वारा असेल तर त्रास पहिल्या वळणात. झोत अनियमित असतील, तर अनुभवी संघही गाडी परत रांगेत नेतात आणि वाट पाहतात.

६. शनिवार : रांग, धोका आणि तीसावे स्थान

२०२२ ते २०२५ या वर्षांत वापरलेली पद्धत सांगतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचे नियमपत्रक शुक्रवारीच वाचून घ्या. या पद्धतीत प्रत्येक गाडीला एक प्रयत्न हमखास मिळे. पहिली फेरी संपली की वेळ उरेल तितके पुढचे प्रयत्न. दिवसअखेर पहिले बारा रविवारच्या पोलच्या लढतीत जात, १३ ते ३० ही स्थाने तिथल्या तिथे पक्की होत आणि गाड्या तेहतीसपेक्षा जास्त असल्या तर उरलेल्यांना शेवटच्या रांगेसाठी रविवारी झगडावे लागे.

पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांसाठी दोन लेन असतात आणि दिवसाचे सगळे नाट्य इथे घडते. लेन एकमध्ये जायचे तर आधीची वेळ मागे घ्यावी लागते; मोबदल्यात प्राधान्य मिळते. लेन दोनमध्ये वेळ मागे घ्यावी लागत नाही, पण लेन एक रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर अठ्ठाविसाव्या स्थानावरची गाडी लेन एककडे वळताना दिसली, तर झोप उडाली पाहिजे: त्या संघाने हातचे स्थान सोडून दिलेले असते.

या दिवसात लक्ष कुठे ठेवायचे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दोनच जागा पाहा: बारावे स्थान आणि तिसावे स्थान. पहिल्या क्रमांकाची चर्चा रविवारी होईलच. एखाद्याचा प्रयत्न सुरू असताना पहिल्या लॅपच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. तिसऱ्या लॅपपर्यंत थांबा. आणि एखाद्याने प्रयत्न अर्धवट सोडला, तर अपयश समजू नका. सरासरी सुधारणार नाही हे दिसल्यावर टायर आणि इंजिन वाचवणे हाच शहाणपणा असतो.

७. रविवार : दोन टोकांच्या लढती

या पद्धतीत रविवारी पहिल्या बारांतून सहा निवडले जात आणि त्या सहांत पोल ठरे. शेवटच्या रांगेसाठी तासाभराचे वेगळे सत्र असे आणि त्यात शनिवारच्या वेळा धरल्या जात नसत.

माझा आग्रह आहे की शेवटच्या रांगेचे सत्र चुकवू नका. बाहेर फेकले जाण्याला तिथे बम्प म्हणतात आणि ते कुणालाही सोडत नाही. १९९५ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता पेन्स्की संघ एकही गाडी पात्र करू शकला नाही. २०१९ मध्ये दोन वेळा फॉर्म्युला वन जगज्जेता ठरलेल्या फर्नांडो अलोन्सोला छोट्या हुंकोस संघाच्या काइल कायझरने २२७.३५३ विरुद्ध २२७.३७२ अशा फरकाने बाहेर काढले. २०२३ मध्ये ग्रॅहम रेहालला शेवटच्या मिनिटांत त्याच्याच संघातल्या जॅक हार्वेने मागे टाकले. ग्रॅहमचे वडील बॉबी रेहाल हेही १९९३ मध्ये असेच बाहेर राहिले होते. पुढच्याच वर्षी शेवटची जागा ग्रॅहमकडे होती आणि तरुण नोलन सीगल त्याला हटवण्याच्या प्रयत्नात भिंतीवर आदळला. त्या सत्रात चालकांचे चेहरे पाहिले की या शर्यतीत नुसते उतरायला मिळणे केवढे मोलाचे मानतात, ते कळते.

पोलच्या लढतीबद्दल एक सावधगिरी: शुक्रवारच्या गटांवरून केलेला अंदाज अनेकदा बरोबर येतो, पण नेहमी नाही. २०२५ मध्ये इंडीकारमध्ये पहिलाच हंगाम खेळणाऱ्या प्रेमा संघाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमनने २३२.७९० मैलांनी पोल घेतला. त्याआधी तो ओव्हलवर एकही शर्यत खेळला नव्हता, आणि १९८३ च्या तेओ फाबीनंतर नवख्या चालकाला पोल मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच रविवारी न्यूगार्डन आणि पॉवर यांच्या गाड्यांच्या मागच्या भागात नियमबाह्य बदल आढळला आणि दोघांना शर्यतीत सगळ्यात मागे, ३२ आणि ३३ व्या स्थानावर उभे केले गेले. म्हणून ट्रॅकवरचा निकाल वहीत पेन्सिलने लिहा. तांत्रिक तपासणी पार पडल्यावरच तो पक्का समजा.

८. प्रत्यक्ष जाणार असाल तर

पहिल्यांदा जाणाऱ्याने शर्यतीच्या दिवसापेक्षा सरावाचा किंवा शनिवारचा दिवस निवडावा, असे मी सुचवेन. तिकीट स्वस्त असते, गर्दी कमी असते आणि बऱ्याच भागांत फिरून जागा बदलता येते. सोबत काय घ्यावे, ते थोडक्यात:

- मोबाइलवर उतरवून घेतलेले तिकीट आणि ओळखपत्र.
- कानांसाठी संरक्षक. लहान मुलांसाठी तर न चुकता.
- टोपी, सनस्क्रीन आणि हलके जॅकेट. मे महिन्यात तिथे एकाच दिवसात कडक ऊन आणि बोचरा वारा दोन्ही मिळतात.
- पॉवर बँक, कारण थेट टायमिंग दिवसभर सुरू राहते.
- पिशव्या आणि कूलर यांच्या आकाराचे नियम तिकिटासोबत वाचलेले असावेत.

सकाळी पहिल्या वळणाजवळच्या स्टँडमध्ये बसा आणि थोडा वेळ टायमिंग बंद ठेवून फक्त ऐका. गाडी मुख्य पट्ट्यावरून येते तेव्हा इंजिनाचा सूर एकसारखा चढलेला असतो. चालकाने वळणात पाय न उचलता गाडी घातली, तर तो सूर तुटत नाही. किंचित जरी उचलला, तरी मध्येच एक खाच पडते. पहिल्या लॅपला खाच नाही आणि चौथ्याला आहे, हे कानांनी टिपता आले की फलकावर आकडा येण्याआधीच सरासरी घसरली आहे, हे तुम्ही शेजाऱ्याला सांगू शकाल. दुपारनंतर पिट लेन दिसेल अशा जागी जा. रांगेत थांबलेल्या गाडीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी तंत्रज्ञ बाजूच्या कप्प्यांवर पंखे लावतात आणि अभियंते दर मिनिटाला ट्रॅकचे तापमान पाहतात. लेन एक की लेन दोन, हा निर्णय तिथे, त्या क्षणी होतो.

९. सोमवारी पान उलटा

पात्रता संपल्यावर सोमवारी शर्यतीच्या मांडणीत सराव होतो आणि त्यानंतरच्या शुक्रवारी ‘कार्ब डे’ला शेवटचा. टर्बोचा दाब पुन्हा खाली आलेला असतो, पंखांवर दाब वाढवलेला असतो आणि इंधनाची टाकी भरलेली असते. इथे नो-टो यादीचा उपयोग संपतो. आता पाहायचे ते उलटे: पाच-सहा गाड्यांच्या मागे राहून कोण तिसऱ्या आणि चौथ्या वळणातून पाय न उचलता बाहेर पडतो, आणि एका टाकीच्या शेवटी, जुन्या टायरवर कोणाचा वेग टिकतो.

पोल घेणारा जिंकेल, असे गृहीत धरू नका. पोलवरून जिंकणारा अलीकडचा चालक २०१९ चा सिमोन पाजेनो. २०२३ मध्ये न्यूगार्डन सतराव्या स्थानावरून जिंकला, २०२५ मध्ये अलेक्स पालू सहाव्या. म्हणून शर्यतीचा अंदाज लिहिताना पात्रतेच्या स्थानाला एक खूण, सोमवारच्या गर्दीतल्या सरावाला दोन खुणा आणि कार्ब डेला एक, अशी माझी विभागणी आहे. सोमवारच्या सत्राचे लॅपनिहाय पत्रक मंगळवारी सकाळी शांतपणे उघडा, आणि रांगेत मागे राहूनही ज्यांच्या लॅपचे वेग एकमेकांपासून ताशी अर्ध्या मैलाच्या आत आहेत, त्या चार-पाच नावांभोवती वर्तुळ करा.